दहावीचं वर्ष आणि माळ्यावरचा तबला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जून उजाडला, की पुण्यातल्या कुठल्याही गायन-वादनाच्या क्लासात एक दृश्य हमखास दिसतं. पुढच्या सतरंजीवर तिसरी-चौथीतली पोरं दाटीवाटीनं बसलेली असतात. त्यांच्या मागं सहावी-सातवीतली, जरा ऐसपैस. आणि त्यांच्या मागची सतरंजी बरीचशी रिकामी. आठवी संपली, की मुलं गळायला लागतात. नववीत शिकवण्या सुरू होतात, दहावीचं तर बोलायलाच नको. प्रारंभिक, प्रवेशिका अशा पायऱ्या चढत मध्यमापर्यंत आलेलं मूल नेमकं तिथं थांबतं. तबला जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून माळ्यावर जातो. पेटीवर इस्त्रीचे कपडे रचले जातात. 'एवढं वर्ष जाऊ दे, मग आहेच की,' असं आईवडील म्हणतात आणि ते मनापासून म्हणतात. पण मग अकरावी येते, बारावी येते, सीईटी येते. तबला माळ्यावरच राहतो.

श्रोतेहो, मी पुण्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. ही गळती मी नुसती पाहिली असं नाही, तिला हातभारही लावला. एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण तो आता चांगला चाळिशीतला गृहस्थ आहे. नववीच्या सहामाहीत त्याला विज्ञानात शंभरापैकी सत्तावन्न गुण पडले. आई भेटायला आली. म्हणाली, "सर, ह्याचा तबला बंद करू का? आठवड्यातल्या तीन संध्याकाळी त्यात जातात, शिवाय घरी रोज तासभर बडवत असतो." मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, "करा की ताई. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे." माउली सुटल्यासारखी घरी गेली. त्या आठवड्यात तबला बंद झाला.

पुढं दोन-तीन आठवड्यांनी मी वर्गात ध्वनीचा पाठ घेत होतो. कंपन, वारंवारता, सूर उंच कधी, खालचा कधी, असं सगळं रीतसर फळ्यावर चाललेलं. हा मुलगा एरवी गप्प बसणारा. त्या दिवशी त्यानं हात वर केला. "सर, डफ वाजवला तर त्याचा सूर कुठला, ते सांगता येत नाही. पत्र्याच्या डब्याचंही तसंच. मग तबल्यालाच सूर कसा लावता येतो? तेही कातडंच आहे ना?"

मी म्हटलं, "अरे, तबल्याचं कातडं वादीनं ताणलेलं असतं. गट्टे ठोकून ताण कमी-जास्त करता येतो. म्हणून."

"पण सर, डफाचंही कातडं ताणलेलंच असतं."

वर्ग हसला. मीही हसलो, आणि 'पाहू पुढच्या तासाला' म्हणून पान उलटलं. पुढच्या तासाला काही पाहिलं नाही, हे कबूल करायला हवं. अभ्यासक्रम पुरा करायचा होता. शिवाय खरं कारण असं, की मला उत्तर येत नव्हतं.

उत्तर मला फार उशिरा मिळालं, आणि ते आपल्याच देशात शंभर वर्षांपूर्वी छापलेलं होतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांचं नाव आपण २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला घेतो. १९२८ साली त्या दिवशी त्यांनी प्रकाशाच्या विखुरण्यातला परिणाम शोधला आणि १९३० साली त्यांना नोबेल मिळालं. पण त्याआधी कितीतरी वर्षं हा माणूस कोलकात्यात बसून वाद्यांच्या मागं लागलेला होता. १९२० साली त्यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. विषय होता मृदंग आणि तबल्याचा सूर. पुढं १९३४ मध्ये त्यांनी त्याचा विस्तार केला. कातड्यावर बारीक वाळू भुरभुरून ती कुठं जमते ते पाहायचं आणि त्यावरून कातड्याचा कुठला भाग हलतो नि कुठला स्थिर राहतो ते ओळखायचं, अशी त्यांची साधी रीत होती.

त्यांना काय सापडलं, ते सांगतो. तार छेडली, की ती एकच सूर देत नाही. मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे बारीक उपस्वर निघतात. ते एकमेकांशी सरळ हिशेबात असतात, म्हणून कानाला सगळं मिळून एक गोड सूर वाटतो. साध्या ताणलेल्या कातड्याचं तसं नसतं. मूळ कंपन शंभर धरलं, तर त्याची पुढची कंपनं साधारण १५९, २१४, २३०, २६५ अशी येतात. यात कुणाचा कुणाशी मेळ नाही. म्हणून डफ 'धप्' म्हणतो, 'सा' म्हणत नाही. आता त्याच कातड्याच्या मधोमध शाई चढवा. मध्याचं वजन वाढतं, काठाकडे ते कमी होत जातं, आणि कातड्याच्या हलण्याची सगळी तऱ्हाच बदलते. रामन यांनी दाखवलं, की तबल्यात कातड्याची वेगवेगळी नऊ कंपनं मिळून पाचच उपस्वर तयार करतात, आणि ते जवळजवळ १००, २००, ३००, ४००, ५०० अशा हिशेबात बसतात. तारेसारखे. म्हणून तबल्याला सूर आहे.

हे शाईचं गणित कुणी केलं? कुणा गणितज्ञानं नाही. लोखंडाची पूड आणि खळ कालवून, बोटभर लेप लावून, दगडानं घोटून, वाळवून, वाजवून, पुन्हा लेप देऊन ज्या कारागिरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या कानानं जमवलं, त्यांनी केलं. रामन यांनीही त्याबद्दल या अज्ञात लोकांना मोकळेपणानं दाद दिली आहे.

आणि माझ्या त्या विद्यार्थ्याच्या बोटांना यातलं निम्मं ठाऊक होतं! उजव्या तबल्यावर 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकवतात आणि तर्जनीनं चाटेवर आघात करतात. ती टेकवलेली अनामिका मूळ कंपन दाबते, वरचे उपस्वर तेवढे मोकळे सोडते. भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगायचं, तर मुलगा रोज तासभर कंपनं निवडत बसत होता. मी ज्याला बडवणं समजून बंद करवलं, ते मी फळ्यावर शिकवत असलेल्या पाठाचं प्रात्यक्षिक होतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे ठीक आहे, पण संगीतानं मूल विज्ञानात हुशार होतं का, ते सांगा. पालक मला नेमकं हेच विचारतात, आणि याचं उत्तर देताना फार जपून बोलावं लागतं. कारण या विषयात एकदा सगळ्या जगानं हात पोळून घेतलेत.

१९९३ साली 'नेचर'मध्येच एक पानभर लेख आला. अमेरिकेतल्या ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टचं संगीत ऐकवलं, आणि लगेच घेतलेल्या कागदाच्या घड्या ओळखण्यासारख्या चाचणीत त्यांची कामगिरी थोडी सुधारली. तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला, असं त्याच लेखात म्हटलं होतं. पण वर्तमानपत्रांनी आणि कॅसेट विकणाऱ्यांनी ते शेवटचं वाक्य वाचलंच नाही. 'मोझार्ट ऐका, बुद्धी वाढवा' अशी हवा झाली. १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनं तर राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला संगीताची सीडी देण्यासाठी अंदाजपत्रकात एक लाख पाच हजार डॉलर मागितले. आपल्याकडंही गर्भसंस्काराच्या सीडींचा सुकाळ झाला तो थोड्याफार याच सुमारास. पुढं व्हिएन्नातल्या संशोधकांनी या विषयावरचे डझनावारी प्रयोग एकत्र करून २०१० मध्ये हिशेब मांडला. मोझार्टमध्ये खास असं काही निघालं नाही. आवडीचं काहीही ऐकलं, की माणूस जरा तरतरीत होतो, एवढंच. ते चहानंही होतं.

ऐकणं आणि शिकणं यांत मात्र फरक आहे. आणि कुठल्या वयात शिकणं, यालाही महत्त्व आहे.

पूर्वी आम्ही असं समजत होतो, की मेंदूची बांधणी लहानपणीच पुरी होते. मग नुसती भरती करायची. १९९९ साली अमेरिकेतल्या जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांच्या मेंदूची चित्रं दर काही वर्षांनी घेऊन दाखवलं, की तसं नाही. मेंदूच्या पुढच्या भागातलं करडं द्रव्य साधारण अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत वाढतं आणि मग कमी व्हायला लागतं. कमी होणं म्हणजे ऱ्हास नव्हे हं! माळी गुलाबाची छाटणी करतो, तसं ते असतं. चेतापेशींमधल्या ज्या जोडण्या वापरात आहेत त्या पक्क्या होतात, त्यांच्यावर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण चढतं आणि संदेश वेगानं धावायला लागतात. ज्या वापरात नाहीत, त्या गळून पडतात. हे काम पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असतं. म्हणजे तेरा ते सोळा ही वर्षं ऐन छाटणीच्या हंगामातली. आणि नेमक्या त्याच वर्षांत आपण मुलाचा तबला माळ्यावर टाकतो.

इथं मला एक अभ्यास मनापासून आवडतो, कारण तो साध्यासुध्या सरकारी शाळांत झाला. शिकागोतल्या नीना क्राऊस या संशोधिका मेंदूतलं ऐकणं मोजतात. डोक्यावर चार तारा चिकटवायच्या, कानात 'दा' असा एक उच्चार पुन्हा पुन्हा ऐकवायचा आणि मेंदू त्याला किती वेळात आणि किती स्वच्छ प्रतिसाद देतो ते पाहायचं. त्यांनी नववीत जाणारी जवळपास चाळीस मुलं घेतली. काही जण शाळेच्या वाद्यवृंदात शिकू लागले. बाकीचे आपल्याकडच्या एनसीसीसारख्या एका वर्गात गेले. म्हणजे कष्ट, शिस्त, हजेरी दोन्हीकडं सारखी. यातल्या कुणी आधी फारसं संगीत शिकलेलं नव्हतं. तीन वर्षांनी पुन्हा मोजलं. वाद्यवृंदातल्या मुलांच्या मेंदूची ऐकण्याची यंत्रणा अधिक लवकर परिपक्व झालेली दिसली आणि भाषेतले ध्वनी वेगळे ओळखण्यातही ती मुलं थोडी पुढं गेली. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. यातून मला एवढं कळतं, की चौदाव्या-पंधराव्या वर्षी सुरुवात केली तरी उशीर झालेला नसतो. 'लहानपणी शिकला नाही, आता काय उपयोग' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अर्थात मुलं चाळीसच होती, आणि कुणी कुठल्या वर्गात जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. भौतिकशास्त्राचे गुण त्यांनी मोजले नव्हते.

ते मोजले कॅनडात. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या सरकारी शाळांतल्या एक लाख बारा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला. शाळेत संगीत हा विषय घेणाऱ्या मुलांना गणित, विज्ञान आणि इंग्रजी या तिन्ही विषयांत न घेणाऱ्यांपेक्षा जास्त गुण होते. वाद्य वाजवणाऱ्यांत हा फरक गाणाऱ्यांपेक्षा मोठा होता. घरची परिस्थिती आणि सातवीतले गुण हिशेबात धरूनही फरक उरला. ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर फिरली. मलाही तीनदा आली.

पण विज्ञान शिकवणाऱ्या माणसानं इथं थांबून विचारायला हवं, आधी कोंबडी की आधी अंडं? जे मूल रोज नेमानं रियाज करतं, ते अभ्यासालाही नेमानं बसत असेल. ज्या घरात पोरानं तबला शिकावा असं वाटतं, त्या घरात पुस्तकंही असतील. नोंदी कितीही असोत, असल्या प्रश्नाचं पुरतं उत्तर त्या देऊ शकत नाहीत. त्यासाठी मुलांना चिठ्ठ्या टाकून वाटावं लागतं. टोरांटोत ग्लेन शेलेनबर्ग यांनी ते केलं. सहा वर्षांची १४४ मुलं घेतली. काहींना पेटीसारखा कीबोर्ड, काहींना गाणं, काहींना नाटक आणि काहींना काहीच नाही. वर्षानंतर बुद्ध्यंक सगळ्यांचाच वाढला, संगीतवाल्यांचा बाकीच्यांपेक्षा दोन-तीन गुणांनी जास्त. म्हणजे फरक आहे, पण किरकोळ. गंमत म्हणजे नाटकवाली मुलं लोकांशी वागण्या-बोलण्यात सुधारली, ते मात्र संगीतवाल्यांत दिसलं नाही! आमच्या पुण्यातल्या नाटकवाल्यांना हे सांगितलं, तर ते पुढची दहा वर्षं ऐकवत राहतील. आणि २०२० मध्ये पन्नासहून अधिक अभ्यास, जवळपास सात हजार मुलं एकत्र धरून हिशेब केला, तेव्हा असं दिसलं, की संगीताच्या गटाची तुलना दुसरं काहीतरी मन लावून शिकणाऱ्या गटाशी केली, तर हा फायदा जवळपास शून्यावर येतो.

तेव्हा एखाद्या क्लासच्या पाटीवर 'संगीत शिका, गणितात अव्वल व्हा' असं दिसलं, तर खुशाल पुढं चालायला लागा. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे सवलतीचे गुण मिळतात, ते मिळवावेत, त्यात गैर काही नाही. पण तेवढ्यासाठी मूल क्लासला घालणाऱ्यांचा तबला निकालाच्या दुसऱ्या दिवशी माळ्यावर जातो, हेही मी पाहिलं आहे.

मग माझं म्हणणं काय? ऐकून मेंदू हुशार होतो असं मी म्हणत नाही. संगीतात विज्ञान आधीच भरलेलं आहे, आणि या वयातल्या मुलाच्या ते हातात असतं, एवढंच मी म्हणतो. शिक्षकानं ते उचलायला हवं. तबला शिकणाऱ्या नववीतल्या मुलाला तिहाईबद्दल विचारून बघा. एक बोल तीनदा वाजवायचा, मध्ये दोनदा थोडं थांबायचं, आणि शेवटचा 'धा' बरोब्बर समेवर पडला पाहिजे. तीनताल सोळा मात्रांचा. पहिल्या मात्रेपासून सुरुवात केली, तर पुढच्या समेपर्यंत, ती सम धरून, सतरा मात्रा होतात. बोल पाच मात्रांचा घेतला, तर तीन पाचे पंधरा, मध्ये एकेक मात्रेचा दोनदा दम, झाले सतरा. बोल तीन मात्रांचा असेल, तर तीन त्रिक नऊ, उरल्या आठ, म्हणून दम चार-चार मात्रांचा. आणि बोल चार मात्रांचा घेतला, तर? बारा गेले, उरल्या पाच, आणि पाचाचे दोन सारखे भाग करायचे म्हणजे अडीच-अडीच मात्रा. मुलगा हे पाटीवर न मांडता वाजवतो. हेच गणित बीजगणिताच्या तासाला 'क्ष' आणि 'य' घालून दिलं, की त्याच्या कपाळावर आठ्या पडतात. दोन्ही एकच आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. दुगुन, तिगुन, आड म्हणजे अपूर्णांक आहेत, हे मीही कधी सांगितलं नाही.

हे काही नवं नाही. वृत्तात लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रा किती तऱ्हांनी भरता येतील? पाच. पाच मात्रा? आठ. सहा मात्रा? तेरा. आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या. जैन आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकाच्या मध्याला हे लिहून ठेवलं, आणि त्यांच्याही आधीच्या छंदशास्त्रज्ञांना ते ठाऊक होतं. युरोपात फिबोनाचीचं पुस्तक आलं १२०२ मध्ये. गणितातलं फील्ड्स पदक २०१४ मध्ये मिळवणारे मंजुल भार्गव स्वतः तबला वाजवतात आणि ही संख्यांची मालिका मुलांना समजावताना छंद आणि तबल्याचीच उदाहरणं देतात.

आणि आपल्याकडं तर या नात्याची मोठी परंपरा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. पेन्शनीत माणूस काय करतो? देवलांनी बावीस श्रुती मोजायला घेतल्या. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ गाऊन दाखवायचे, आणि देवल तारेची लांबी मोजून त्या सुराचं प्रमाण काढायचे. १९१० साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यात त्यांचं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. पुढं इ. क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या मदतीनं श्रुतींची पेटीही तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर चांगलाच वाद झाला. भातखंडे यांना ही मोजणी पटली नव्हती. कोण बरोबर, या वादात मी पडत नाही. पण एक गाणारा गळा आणि एक मोजणारी तार समोरासमोर बसवून वाद घालायचा, हीच तर प्रयोगशाळा! खाँसाहेबांनी पुण्यातच आर्य संगीत विद्यालय काढलं. डॉ. प्रभा अत्रे तर पुण्याच्याच. विज्ञान आणि कायदा या दोन्हींच्या पदवीधर. आकाशवाणीत नोकरी, मग सरगम या विषयावर डॉक्टरेट. जानेवारी २०२४ मध्ये त्या गेल्या, तेव्हा मला वाटलं, यांना नववीत कुणी 'दोन वर्षं बंद करा' असं सांगितलं असतं तर?

पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका आहे. तिथं मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिच्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला तारा तर तो आहेच, पण त्यात पु. ल. देखील आहेत. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ती उभी राहिली. पेटीवर बोटं फिरवणाऱ्या माणसाच्या पैशातून मुलांची विज्ञानशाळा व्हावी, आणि ती जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या संस्थेत व्हावी, याचं मला फार कौतुक वाटतं. अरविंद गुप्ता यांनी तिथं २०१४ पर्यंत बरीच वर्षं काम केलं. त्यांचं एक खेळणं तुम्ही आज संध्याकाळी घरी करू शकता. शीतपेयाची नळी घ्या, एक टोक चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरपं कापा, ते टोक ओठांत धरून फुंका. सनईची धाकटी बहीण बोलायला लागेल. मग वाजवता वाजवताच दुसऱ्या टोकाकडून कात्रीनं नळी कापत चला. सूर चढत जातो. हवेच्या स्तंभाची लांबी आणि वारंवारता यांचा संबंध माझ्या वर्गात तीन तासांत जितका पोचला नाही, तितका इथं तीस सेकंदांत पोचतो. फक्त शेवटचा तुकडा कापताना नाक सांभाळा.

जाता जाता एक तक्रारही नोंदवतो. पावसाळा सुरू झाला, की मुठेच्या काठानं ढोल-ताशा पथकांचे सराव चालू होतात. त्यात नववी-दहावीपासूनची पोरं-पोरी असतात, घामाघूम होऊन एका ठेक्यावर शंभर हात पडत असतात. मला ते आवडतं. पण कानात बोळे न घालता रोज दोन-तीन तास त्या आवाजात उभं राहणं, हे मात्र मला बघवत नाही. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसांसारख्या पेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या, की पुन्हा येत नाहीत. ज्या कानाच्या जिवावर एवढं सगळं सांगितलं, तो आधी शाबूत राहायला हवा. पथकप्रमुखांनी कानातल्या बोळ्यांची सक्ती केली, तर ढोलाचा आवाज काही कमी होणार नाही.

आता त्या मुलाचं काय झालं, ते सांगायला हवं. दहावीला त्याला विज्ञानात चांगले गुण पडले. तबला बंद केल्यामुळे पडले, की तसेही पडले असते, ते सांगायला काहीच मार्ग नाही. एका मुलावर दोन प्रयोग करता येत नाहीत. तो अभियंता झाला, चिंचवडला एका कारखान्यात लागला. तबल्याकडे पुन्हा वळला नाही. एकदा रस्त्यात भेटला, तेव्हा मी त्याला रामन यांच्या लेखाबद्दल सांगितलं. तिथंच, अलका टॉकीजच्या चौकात उभा राहून. वीस वर्षं उशिरानं दिलेलं उत्तर. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दोन शंका विचारल्या, आणि मग म्हणाला, "सर, तेव्हा सांगितलं असतंत ना." रागावून म्हणाला नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला. मुलगी आठवीत आहे, आजीच्या घरी माळा आवरताना तिला तबला सापडला आणि तो तिनं मागून घेतला. शाई उडालेली, वादी सैल. आम्ही तिघं पुडी बदलायला तबलेवाल्याकडं गेलो. कारागीर शाईचा लेप देई, काळ्या दगडानं घोटी, एक टिचकी मारून ऐके, पुन्हा लेप देई. घोटताना शाईला बारीक बारीक भेगा पडत होत्या. मुलीनं विचारलं, "काका, ही तडकली की!" तो म्हणाला, "तडकायलाच हवी. अखंड राहिली तर कातडं हलणार कसं?" वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. हे मलाही ठाऊक नव्हतं.

यंदा ती नववीत गेली. तबल्याचा क्लास मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी सातला, आणि विज्ञानाची शिकवणीही नेमकी शुक्रवारी सातलाच. त्यानं मला विचारलं, "सर, काय करू?" मी म्हटलं, शिकवणीची वेळ बदलून घे. घेतली त्यानं. आता ती शनिवारी सकाळी जाते.